‘प्रीमियम’ आलंच नाही : अपयशाच्या एका अहवालाचं वाचन

संशोधनाचा विषय शोधत असाल आणि नेटवर्किंगकडे ओढा असेल, तर ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’, म्हणजे आपल्या बोलण्यातलं क्यूओएस, तुमच्या वाटेत येणारच. मांडणी सोपी आहे आणि मोहात पाडणारी आहे. एकाच आयपी जाळ्यावरून फोनवरचं बोलणं जातं, व्हिडिओ जातो, ई-मेल जातो, कुणाचा तरी चार जीबीचा बॅकअपही जातो. बोलण्याला उशीर चालत नाही, पण एखादं पॅकेट हरवलं तर चालतं. ई-मेलचं बरोबर उलट. मग सगळ्यांना एकाच रांगेत का उभं करायचं? वर्ग पाडा, रांगा वेगळ्या करा, कुणाला आधी सोडायचं याचा चांगला अल्गोरिदम काढा. सिम्युलेटर फुकट मिळतो, आलेख देखणे येतात, तुमची रेघ जुन्या रेघेच्या वर दिसते, पेपर निघतो.

या वाटेने जायला माझी हरकत नाही. पण सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक मजकूर वाचाच. बेन टायटलबॉम आणि स्टॅनिस्लाव शालुनोव या दोघांनी मे २००२ मध्ये लिहिलेला. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं ‘इंटरनेट२’ नावाचं जे संघटन आहे, त्याच्या क्यूओएस कार्यगटाचा हा अहवाल. शीर्षकाचा मराठी अर्थ साधारण असा : प्रीमियम आयपी सेवा का रुजली नाही, आणि बहुधा कधीच का रुजणार नाही. आपल्या क्षेत्रात ‘आम्ही चार वर्षं खपलो, जमलं नाही, आणि का जमलं नाही ते ऐका’ असं कुणी लिहीत नाही. म्हणून तो दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे बिनचूक नव्हे, आणि आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, भरभर.

आयपीच्या मूळ दस्तऐवजातच, १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये, प्रत्येक पॅकेटवर ‘मला कसं वागवा’ हे सांगायला आठ बिटांची जागा ठेवली होती. ती बराच काळ जवळपास रिकामीच फिरली. १९९४ मध्ये इंटसर्व्ह आलं : प्रत्येक संवादासाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरवर आधी जागा राखून ठेवायची. त्यासाठीचा आरएसव्हीपी हा प्रोटोकॉल १९९७ चा. कल्पना चोख, पण मधल्या राउटरला लाखो संवादांची नोंद ठेवावी लागते, ते झेपेना. मग डिसेंबर १९९८ मध्ये डिफसर्व्ह आलं, आरएफसी २४७४ आणि २४७५. इथे राउटरने संवाद ओळखायचा नाही, फक्त पॅकेटवरचा सहा बिटांचा शिक्का बघायचा. सहा बिट म्हणजे ६४ शिक्के. त्यातला ४६ क्रमांकाचा, ‘एक्सपीडाइटेड फॉरवर्डिंग’ किंवा ईएफ, हा बोलण्यासारख्या घाईच्या वाहतुकीचा.

या ईएफवर उभी राहणारी सेवा म्हणजे ‘प्रीमियम’. कॅथलीन निकोल्स, व्हॅन जेकबसन आणि लिक्सिया झांग यांनी आरएफसी २६३८ मध्ये ती मांडली : ग्राहकाला जाळ्यातूनच, पण स्वतःची खासगी तार असल्यासारखी हमी मिळावी. ही नावं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत. इंटरनेट२ ने ‘क्यूबोन’ नावाचा प्रकल्प काढून ही सेवा प्रत्यक्ष विद्यापीठांच्या जाळ्यात चालवायचा प्रयत्न केला. प्रात्यक्षिकं यशस्वी झाली. रोजच्या वापरात मात्र ती कुठेच आली नाही, आणि काम थांबवण्यात आलं. टायटलबॉम-शालुनोव अहवाल हा त्याचा पंचनामा.

अहवालाचं म्हणणं

मुख्य मुद्दा असा की हमी ही अर्धवट देता येत नाही. दहापैकी नऊ जाळ्यांनी शिक्क्याचा मान राखला आणि दहाव्याने राखला नाही, तर ग्राहकाच्या हातात नऊ-दशांश हमी पडत नाही, शून्य पडते. शिवाय शिक्का कुणीही मारू शकतो, त्यामुळे जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक तोंडावर पहारा हवा. एक तोंड उघडं राहिलं तरी सगळ्यांची हमी गेली. म्हणजे सगळा खर्च आधी करायचा, सगळ्यांनी मिळून करायचा, आणि फायदा शेवटच्या माणसाने खर्च केल्यावर मिळणार. वेबसारख्या गोष्टी अशा पसरल्या नाहीत. एकाने सर्व्हर लावला, दुसऱ्याने ब्राउझर, दोघांचंही लगेच काम झालं.

दुसरा मुद्दा राउटर सांभाळणाऱ्या माणसांचा. त्यांना रात्री दोनला फोन येतो. जाळं बिघडलं की आतापर्यंत दोन प्रश्न विचारायचे : तार जोडलेली आहे का, मार्ग बरोबर आहे का. प्रीमियम आलं की त्यात वर्ग, पहारे, कोटे, शेजारच्या जाळ्याशी करार, हे सगळं आलं. तेव्हाच्या राउटरांत यातलं बरंच काही वेगाने जमतही नव्हतं.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि माझ्या मते अहवालातला सगळ्यात तिखट. साधी सेवा चांगली चालत असेल तर प्रीमियम कोण विकत घेणार? इंटरनेट२ चं ॲबिलीन हे मुख्य जाळं इतकं मोकळं होतं की रांगच लागत नव्हती. जिथे रांग नाही तिथे रांगेत पुढे घुसण्याचे पैसे द्यायला कोणी तयार होत नाही. उलट ज्याला प्रीमियम विकायचंय, त्याला साधी सेवा थोडी वाईट ठेवण्यातच फायदा आहे. मग निष्कर्ष : गर्दी असेल तर तार जाड करा, ते स्वस्त पडतं.

फाटकाचं उदाहरण, आणि ते कुठे तुटतं

वर्गवारीच्या अतिसोप्या कल्पनेचं काय होतं ते समजायला मनीषनगरच्या लोकांना पाठ्यपुस्तक लागत नाही. वर्धा रोड आणि मनीषनगर यांच्यामध्ये रेल्वेची लाइन आहे. साधीसुधी नाही : हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग नागपूर ते सेवाग्राम एकाच पट्ट्यातून जातात. फाटकावर नियम एकच, गाडी आली की रस्ता बंद. याला आपल्या भाषेत कडक अग्रक्रम म्हणतात : वरच्या वर्गात कुणीही असेल तोवर खालच्याने थांबायचं. वरचा वर्ग विरळ असेल तोवर हे चालतं. गाड्या वाढत जातात तसा खालच्या वर्गाचा उपास पडतो. अखेर तोडगा काय निघाला? फाटक उघडण्या-मिटण्याचं अधिक हुशार वेळापत्रक नाही. पूल आणि भुयारी मार्ग. २०२० च्या नोव्हेंबरात पूल खुला झाला. टायटलबॉम-शालुनोव यांना हे उदाहरण फार आवडलं असतं.

आता हेच आकड्यांत बघा. जी.७११ हा जुना कोडेक वापरून केलेलं बोलणं दर २० मिलीसेकंदाला एक पॅकेट सोडतं : १६० बाइट आवाज, वर ४० बाइट हेडर. सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणजे ८० केबीपीएस. १०० एमबीपीएसच्या तारेवर ही वाहतूक एक हजारांश सुद्धा नाही. तिला कडक अग्रक्रम दिला तर कुणाच्या पोटावर पाय येत नाही. व्हिडिओला तोच अग्रक्रम द्या आणि बघा. म्हणून ईएफच्या व्याख्येतच येणाऱ्या वाहतुकीला मर्यादा घालण्याची अट आहे, आणि म्हणूनच ‘मी सगळ्या व्हिडिओला ईएफ दिलं, उशीर ४० टक्क्यांनी घटला’ असं लिहिणाऱ्या पेपरकडे संशयाने बघा. साध्या वर्गाचं काय झालं, हा आलेख बहुतेक वेळा नसतो.

पण फाटकाचं उदाहरण पूर्ण लागू करू नका. फाटक बंद झालं म्हणून स्कूटरवाल्यांची संख्या निम्मी होत नाही. टीसीपीची होते. रांग वाढली, पॅकेट पडलं, की पाठवणारा वेग कमी करतो. आयपी जाळ्यातली रांग ही नुसती वाट पाहण्याची जागा नाही, ती मागे जाणारी बातमी आहे. वाहतुकीच्या उपमांवर पोसलेली क्यूओएसची मांडणी नेमकी इथे फसते, आणि गंमत म्हणजे २००२ चा हा अहवालही या बातमीकडे फारसं बघत नाही. त्याच्या लेखी रांग असते किंवा नसते.

तारेची जाडी कुणाला परवडते?

आता माझा पहिला खरा आक्षेप. ‘तार जाड करा’ हे उत्तर कुठल्या खिडकीतून दिसतं? अडीच गिगाबिटचं विद्यापीठीय जाळं ज्याच्या दाराशी आहे त्याच्या खिडकीतून. त्याच वर्षी, अहवालाच्या एक महिना आधी, १ एप्रिल २००२ ला, आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला कायद्याने परवानगी मिळाली, तीही बऱ्याच अटींसह. आणि तेव्हा आपली तार काय होती? गणित करा. १५०० बाइटचं एक मोठं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ६४ केबीपीएसच्या तारेवर ते सरकायला १८७.५ मिलीसेकंद लागतात. बोलणं नैसर्गिक वाटायला एका बाजूने १५० मिलीसेकंदांच्या आत उशीर हवा, असं आयटीयूची जी.११४ शिफारस सांगते. म्हणजे तुमच्या आवाजाच्या पुढे ई-मेलचं एकच जाडजूड पॅकेट निघालं असेल तर संपलं. इथे क्यूओएस ही चैन नव्हती. नुसता अग्रक्रमही पुरत नव्हता, मोठं पॅकेट कापून बारीक करावं लागे.

तेच पॅकेट २ एमबीपीएसवर ६ मिलीसेकंद घेतं, १०० एमबीपीएसवर ०.१२. नव्वदच्या दशकातल्या क्यूओएस पेपरांचा निम्मा जीव या एका भागाकारात आहे. एखाद्या जुन्या पेपरमधली कल्पना आज पुन्हा घेताना हा भागाकार आधी करून बघा. बऱ्याचदा प्रश्नच उरलेला नसतो.

मग अहवाल बरोबर ठरला असं म्हणायचं का? थोडं थांबा. ली ब्रेस्लाव आणि स्कॉट शेंकर यांचा १९९८ चा सिगकॉममधला पेपर हाच प्रश्न गणिताने विचारतो : जागा राखून ठेवण्याचा फायदा तार जाड होत गेल्यावर टिकतो का? उत्तर येतं, भार कसा वाटलेला आहे त्यावर अवलंबून. भार सरासरीच्या आसपास घोटाळत असेल तर फायदा विरतो. भाराची शेपटी जड असेल, म्हणजे क्वचित पण प्रचंड लोंढे येत असतील, तर फरक राहतो. टायटलबॉम-शालुनोव हा धागा अर्थशास्त्राच्या ठाम वाक्यांत गुंडाळून टाकतात. त्यांच्या मजकुरात युक्तिवाद भरपूर आहे, मोजमाप फार थोडं. वाचताना हा भेद धरून ठेवा. अनुभवी माणसाचा युक्तिवाद मौल्यवान असतो, पण तो पुरावा म्हणून आपल्या प्रबंधात उद्धृत करायचा नसतो.

‘बहुधा कधीच नाही’ आणि ५ सप्टेंबर २०१६

शीर्षकातलं ‘कधीच नाही’ वाचून क्यूओएस मेलं असं समजणारे बरेच आहेत. त्यांनी खिशातला फोन काढावा. ५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओने सेवा सुरू केली ती निव्वळ ४जीवर. जुनं सर्किट पद्धतीचं २जी-३जी जाळं तिच्याकडे नव्हतंच, त्यामुळे प्रत्येक कॉल हा आयपी पॅकेटांचा, म्हणजे व्होल्टे. वर्षभराने एअरटेलनेही मुंबईपासून व्होल्टे सुरू केलं. आज नागपुरात लागणारा साधा फोन हा बहुतेक वेळा वर्गवारी केलेल्या आयपी वाहतुकीचा नमुना असतो.

त्याची आतली रचना ३जीपीपीच्या २३.२०३ या तपशीलपत्रात आहे, आणि कोरडं असलं तरी ते कोष्टक एकदा डोळ्यांखालून घाला. बोलण्यासाठी वर्ग १ : हमीचा वेग, उशिराची मर्यादा १०० मिलीसेकंद, शंभरात एक पॅकेट हरवलं तरी चालेल. कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांसाठी वर्ग ५ : हमीचा वेग नाही, पण अग्रक्रम आवाजाच्याही वर, कारण निरोप पोचला नाही तर कॉल लागणारच नाही. आणि आपलं सगळं इंटरनेट वर्ग ९ मध्ये : ३०० मिलीसेकंद, हमी नाही. कॉल सुरू होताना टॉवर जागा आहे का ते बघतो, नसेल तर नाही म्हणू शकतो. म्हणजे इंटसर्व्हचं आरक्षण, डिफसर्व्हचे वर्ग, सगळं आहे. जे विद्यापीठांच्या जाळ्यात चार वर्षांत एकदाही रोजच्या वापरात आलं नाही, ते कोट्यवधी हातांत पोचलं.

काहून? कारण टायटलबॉम-शालुनोव यांनी सांगितलेली एकेक अडचण इथे गैरहजर आहे. फोनपासून गाभ्यापर्यंत मालक एकच. शिक्का फोन स्वतः मारत नाही, जाळं ठरवतं. आणि रेडिओलहरी ही खरोखर तुटीची वस्तू आहे, ‘तार जाड करा’ म्हणून ती दुकानात मिळत नाही. म्हणून व्होल्टे हा अहवालाचा अपवाद नसून त्याचाच दाखला आहे, असं मी म्हणेन. अहवालाने फक्त हे वाक्य लिहायला हवं होतं की आमचा निष्कर्ष जाळ्यांच्या सीमेपुरता आहे. त्याऐवजी तो हमी देणाऱ्या कुठल्याही आयपी रचनेला लागू होतो असं ते म्हणतात. तिथे ते घसरले.

सीमेवर काय होतं तेही त्याच वर्षी दिसलं. जिओवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनला केलेले कॉल दोन्ही जाळ्यांच्या जोडणीवर मोठ्या प्रमाणात अडकत होते. नियम असा की जोडणीवरच्या गर्दीने हजारात पाचपेक्षा जास्त कॉल पडता कामा नयेत. प्रकरण ट्रायकडे गेलं आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. त्या कंपन्यांचं म्हणणं वेगळं होतं : मोफत कॉलमुळे एकतर्फी लोंढा आला. कोण बरोबर हा इथला प्रश्न नाही. तुम्ही बघायचं ते हे, की टॉवरवर पहिल्या वर्गाचा मान मिळालेला आवाज जोडणीच्या दारात येऊन निमूट पडत होता. या जोडण्या पॅकेटच्या नव्हत्या, जुन्या ई-१ पद्धतीच्या होत्या, त्यामुळे डिफसर्व्हचा हा शुद्ध दाखला नव्हे. पण २००२ चा युक्तिवाद मुळात तंत्राचा नव्हताच. शेजारच्या जाळ्याने माझ्या ग्राहकासाठी खर्च का करावा, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर सहा बिटांत मावत नाही, शेवटी नियामक मध्ये पडला.

अहवालातला तिसरा मुद्दा, साधी सेवा मुद्दाम वाईट ठेवण्याचा मोह, हाही आपल्याकडे पुस्तकातून बाहेर आला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरच्या कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला आणि काही दिवसांत मागे घेतला. २०१५ मध्ये ट्रायच्या चर्चापत्रावर दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी आली. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची चौकट मान्य केली, तिच्यात ‘वाजवी वाहतूक व्यवस्थापना’ला वाट ठेवली आणि विशेष सेवा बाजूला काढल्या. क्यूओएसवर प्रबंध लिहिणाऱ्याने ‘वाजवी’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तुमचा अल्गोरिदम पॅकेटात डोकावून ‘हे अमुक ॲप’ असं ओळखून वर्ग देत असेल, तर तो भारतात लावता येईल का, हा प्रश्न प्रकरण पाचमधल्या ‘भविष्यातील काम’ या मथळ्याखाली ढकलायचा नाही. तो प्रकरण एकमध्ये लागतो.

आणि एक चिमटा. एकाच फोनवरून, एकाच टॉवरखाली, साधा कॉल वर्ग १ मधून जातो आणि व्हॉट्सॲप कॉल वर्ग ९ च्या गर्दीतून. दोन्ही आवाजच. तरी दुसराही बहुतेक वेळा ऐकू येतो, कारण ओपससारखे नवे कोडेक ६ केबीपीएसपर्यंत खाली उतरतात आणि ॲप परिस्थिती बघून जुळवून घेतं. ‘आवाजाला हमी लागतेच’ हे गृहीतक, ज्यावर अर्धे क्यूओएस पेपर उभे आहेत, ते रोज लाखो वेळा तपासलं जातंय.

रांग घरात निघाली

दुसरा मोठा आक्षेप. अहवाल लिहिणारे आणि ज्यांच्यावर टीका झाली ते, दोघेही रांग जाळ्याच्या मधल्या भागात शोधत होते. ती सापडली घरातल्या मोडेममध्ये. मेमरी स्वस्त झाली, तसे उपकरणं बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेले. हिशोब करा : वर जाणारा वेग १० एमबीपीएस आणि बफर एक एमबी असेल, तर तो भरल्यावर रांगेतल्या शेवटच्या पॅकेटला ८०० मिलीसेकंद थांबावं लागेल. पॅकेट पडत नाही, म्हणून टीसीपीला बातमी जात नाही, म्हणून तो वेग कमी करत नाही, म्हणून बफर भरलेलाच राहतो. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. घरी करून बघा : एका खिडकीत पिंग चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल क्लाउडवर चढवा, पिंगचे आकडे कसे फुगतात ते टिपा. तार जाड आहे, प्रीमियम नाही, आणि तरी कॉल तुटतो. अहवालाच्या दोन खान्यांत ही स्थिती बसतच नाही.

आता ती नावं. बफरब्लोटवरचं सगळ्यात गाजलेलं औषध कोडेल, २०१२ चं, कुणाचं? कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांचं. ज्यांनी प्रीमियम मांडलं तेच दोघे. कोडेलमध्ये वर्ग नाहीत, शिक्के नाहीत, करार नाहीत. रांगेतला किमान उशीर १०० मिलीसेकंदांच्या काळात ५ मिलीसेकंदांच्या खाली आलाच नाही, तर एक पॅकेट टाकायचं. पुढे एफक्यू-कोडेलने त्यात प्रत्येक प्रवाहाला न्याय्य वाटा जोडला, आरएफसी ८२९०, जानेवारी २०१८. एकट्याने आपल्या घरच्या राउटरवर लावा, एकट्याला लगेच फायदा. फक्त तुमचा राउटर मोडेमच्या मागे असेल तर वेग मोडेमपेक्षा किंचित कमी बांधावा लागतो, नाहीतर रांग तुमच्या हातात येतच नाही, मोडेममध्येच राहते.

आणि शालुनोव? ते पुढे लेडबॅटच्या लेखकांत दिसतात, आरएफसी ६८१७, डिसेंबर २०१२, बिटटॉरंटसारख्या वाहतुकीसाठी. कल्पना उलटी : कुणाला पुढे काढायचं नाही, ज्याला घाई नाही त्याने आपण होऊन मागे थांबायचं. उशीर वाढतोय असं दिसलं की स्वतःच वेग आवरायचा. मागे राहणाऱ्या वर्गाची ही कल्पना क्यूबोनमध्येही होती, आणि २०१९ च्या आरएफसी ८६२२ ने तिला अधिकृत शिक्का दिला. मागे राहण्याच्या शिक्क्यावर पहारा लागत नाही. खोटा शिक्का मारून रांगेत मागे जायला कोण धडपडेल?

म्हणजे वादाच्या दोन्ही बाजू दहा वर्षांनी एकाच ठिकाणी पोचल्या : टोकाला, हमीविना, करारांविना. माझ्या मते या अहवालाचं खरं महत्त्व भविष्यवाणीत नाही. कुठलीही रचना ‘एकट्याने लावली तर एकट्याला काय मिळतं?’ या प्रश्नावर घासून बघायची सवय त्याने लावली. हे तो स्वतःही इतक्या स्पष्टपणे म्हणत नाही.

दोन्ही औषधं एकत्र घेतल्यावर काय होतं हे मात्र मजेशीर आहे. लेडबॅटला रांगेत १०० मिलीसेकंदांपर्यंत उशीर दिसला तर तो मागे हटतो. कोडेल उशीर ५ च्या आसपास दाबून ठेवतो. मग लेडबॅटला गर्दी दिसतच नाही, पॅकेट पडल्यावरच कळतं, आणि तो साध्या टीसीपीसारखा आपला वाटा मागायला लागतो. मागे थांबणारा पुढच्यांच्या बरोबरीला येऊन बसतो. अशा ठिकाणी अजून काम आहे. सहावा वर्ग आणि नवीन वजनं काढण्यात नाही.

वायफायमध्येही आहे. वायफायमध्ये चार वर्ग असतात : आवाज, व्हिडिओ, साधी वाहतूक, पार्श्वभूमी. अनेक उपकरणं आयपीच्या शिक्क्याचे पहिले तीन बिट घेऊन वायफायचा वर्ग ठरवतात. ईएफ म्हणजे १०१११०, पहिले तीन १०१, म्हणजे पाच, आणि पाच म्हणजे व्हिडिओ! आवाजाचा शिक्का मारलेलं पॅकेट घरातल्याच हवेत व्हिडिओच्या रांगेत जाऊन बसतं. आरएफसी ८३२५ ने २०१८ मध्ये दुरुस्ती सुचवली. वीस वर्षं जुन्या मानकाचा घोळ सीमेवर निघाला, आणि सीमा म्हणजे एका खोलीतलं एक खोकं.

तेव्हा पुढचा क्यूओएस पेपर हातात आला की अल्गोरिदमच्या आधी चित्र बघा. रांग नेमकी कुठे आहे? डंबेलच्या आकाराची टोपोलॉजी असेल, मधोमध एक अरुंद तार, दोन्ही बाजूंना आज्ञाधारक यंत्रं, तर लेखकाने सीमा पुसून टाकली आहे हे ओळखा. शिक्का कोण मारतं, त्याने खोटं मारलं तर काय, मधलं एक जाळं सहभागी झालं नाही तर किती फायदा उरतो? एवढं विचारून झालं की आलेखांकडे वळा. मला विचाराल तर २००२ चा अहवाल वाचून लगेच ब्रेस्लाव-शेंकर वाचा, आणि नंतर केसी क्लॅफी आणि डेव्हिड क्लार्क यांनी याच इतिहासावर २०१५ मध्ये लिहिलेला निबंध. तिथे व्यवहाराची बाजू अधिक शांतपणे येते.

सध्या ज्या नव्या रचनेची हवा आहे ती एल४एस, आरएफसी ९३३० ते ९३३२, जानेवारी २०२३. तिच्यातही हेडरमधला एक शिक्का आहेच, पण तो मारून जास्त वेग मिळू नये अशी सोय केलेली आहे : दोन रांगा एकमेकींना जोडलेल्या, एकीत गर्दी झाली की दुसरीलाही आवर बसतो. ही सोय वात्रट पाठवणाऱ्यासमोर किती टिकते, यावर तज्ज्ञांत अजून चांगलीच जुंपलेली असते. पुढच्या पोस्टमध्ये त्या जोडलेल्या रांगांचं गणित घेऊ. तोवर आरएफसी ९३३२ चा निदान सुरुवातीचा भाग आणि रांगेचं चित्र बघून ठेवा.